छापखान्यातला मॅरेथॉनवीर : क्लॅरेन्स डिमार

‘हौशी’ हा शब्द आपण मराठीत फार स्वस्तात वापरतो. हौशी नट, हौशी गायक, हौशी खेळाडू असे कुणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोटाची चिंता नसलेला, संध्याकाळ कशी घालवावी एवढाच ज्याच्यापुढे प्रश्न आहे असा एखादा सुखवस्तू गृहस्थ उभा राहतो. हौस ही ज्याला परवडते त्याने करावी, कष्टकऱ्याने आपले काम करावे आणि रात्री अंग टाकावे, अशी आपली एक ठाम समजूत असते. या समजुतीला माझ्यापुरता तरी कायमचा धक्का देणारा माणूस अमेरिकेतल्या एका छापखान्यात काम करणारा साधा कामगार होता. त्याचे नाव क्लॅरेन्स डिमार. बोस्टनची जगप्रसिद्ध मॅरेथॉन शर्यत या माणसाने सात वेळा जिंकली आणि या सात विजयांपायी त्याला रोख रक्कम म्हणून एक पैसाही मिळाला नाही. पुरुषांच्या शर्यतीत हा सात विजयांचा विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही.

डिमार यांचा जन्म ७ जून १८८८ रोजी ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराजवळच्या मडीरा या गावी झाला. क्लॅरेन्स आठ वर्षांचा असतानाच वडील वारले. पाठीमागे आई आणि लहान मुले. त्या वयात हा मुलगा सुया, दोरा, साबण असले किरकोळ सामान घेऊन दारोदार विकत फिरू लागला. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचे अंतर लांब आणि दिवस लहान. तेव्हा चालण्यापेक्षा पळणे बरे, हा धडा त्याला कुठल्याही क्रीडाशिक्षकाने दिलेला नव्हता. पुढे हे कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यात आले. आईला सगळ्यांचे पोट भरणे जड जाऊ लागले, म्हणून दहा वर्षांच्या क्लॅरेन्सला बोस्टनच्या खाडीतील थॉम्पसन नावाच्या बेटावरच्या शाळेत ठेवण्यात आले. गरजू मुलांना शेती आणि हातव्यवसाय शिकवणारी ही निवासी शाळा होती. चारी बाजूंना पाणी, आई पलीकडच्या किनाऱ्यावर, आणि घंटेबरोबर उठायचे व घंटेबरोबर निजायचे. वसतिगृहात राहून शिकलेल्या माझ्या सहाध्यायांना त्या मुलाच्या मनाची कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत.

सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि क्लॅरेन्स व्हर्माँट राज्यात एका फळबागायतदाराकडे कामाला राहिला. काम करत करतच त्याने शिक्षण पुढे रेटले आणि व्हर्माँट विद्यापीठात प्रवेश मिळवला. फी व जेवणखाणाच्या खर्चासाठी त्याला शेतावर राबावे लागे. एका कामाहून दुसऱ्या कामाला आणि तिथून वर्गात जाताना तो धावतच जाई. इतर खेळांत त्याला काही जमले नव्हते. १९०९ साली त्याने विद्यापीठाच्या क्रॉस-कंट्री संघात, म्हणजे शेतामाळांतून पळण्याच्या शर्यतीत, नशीब अजमावून पाहिले; आणि ज्या गोष्टीसाठी आपला जन्म आहे ती त्याला सापडली. पण ती सापडली तोवर शिक्षणच सोडण्याची पाळी आली. आईला हातभार लावणे भाग होते. पदवी अर्धी टाकून तो बोस्टनकडे परतला आणि छापखान्यात नोकरीला लागला.

इथे थोडे थांबून मला माझ्या घराविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण डिमार यांचे चरित्र मी त्या घरात बसून वाचले. माझी आई एका बाइंडिंगच्या कारखान्यात छापून आलेल्या कागदांना घड्या घालते. सोळा पानांचा एक फर्मा, अशा शेकडो फर्म्यांना दिवसभर घड्या घालून संध्याकाळी तिची बोटे ताठ झालेली असतात. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. छपाईच्या शाईचा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे आणि त्या वासातून घरी आलेल्या माणसाच्या अंगात किती त्राण उरते हेही मी पाहिलेले आहे. म्हणूनच दिवसभर, आणि पुष्कळदा रात्रपाळीला, छापखान्यात उभा राहणारा माणूस आपण होऊन वीस-पंचवीस मैल धावायला निघतो हे वाचले तेव्हा प्रथम माझा विश्वासच बसेना.

डिमार यांनी सरावासाठी वेळ कुठून काढला, याचे उत्तर फार साधे आहे. त्यांनी वेगळा वेळ काढलाच नाही. बोस्टनच्या उत्तरेला मेलरोज नावाचे उपनगर आहे, तिथे ते आईबरोबर राहत. घरून कामावर जायचे ते धावत, आणि कामावरून घरी यायचे तेही धावत. गाडीभाडे वाचे आणि सराव होई. मोठ्या शर्यतीच्या आधीच्या आठवड्यांत हे अंतर शंभर मैलांच्या घरात जाई. त्या काळी रस्त्याने असा धावणारा प्रौढ माणूस लोकांना एक तर चोर वाटे किंवा वेडा.

बोस्टनची मॅरेथॉन १८९७ साली सुरू झाली. अथेन्सला १८९६ साली पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने झाले, त्यांतील मॅरेथॉन पाहून आलेल्या बोस्टनकरांनी आपल्या शहरात ती आणली. एकोणीस एप्रिल हा त्या काळी तिथला देशभक्त दिन, सुट्टीचा दिवस होता. त्या दिवशी बोस्टनच्या पश्चिमेकडच्या खेड्यातून निघून शहरात येऊन पोहोचायचे. वाटेत न्यूटन गावच्या टेकड्या लागतात, आणि त्या अशा ठिकाणी लागतात की तोवर धावणाऱ्याच्या पायांतले बळ सरलेले असते. डिमार यांनी १९१० साली ही शर्यत प्रथम धावली आणि पहिल्याच वर्षी दुसरा क्रमांक मिळवला.

पुढच्या वर्षीची हकिकत विलक्षण आहे. शर्यतीपूर्वी धावपटूंची वैद्यकीय तपासणी होई. डॉक्टरांनी डिमार यांच्या छातीला नळी लावली आणि त्यांना हृदयाच्या ठोक्यांत काही अस्वाभाविक ध्वनी ऐकू आला. या माणसाने धावू नये, निदान यानंतर तरी धावण्याचा नाद सोडावा आणि आज थकवा वाटला तर तत्काळ शर्यत सोडावी, असा सल्ला त्यांनी दिला. डिमार धावले, आणि पहिले आले. वेळ होती २ तास २१ मिनिटे ३९ सेकंद. टॉम लाँगबोट या कॅनडाच्या आदिवासी धावपटूने १९०७ साली केलेला विक्रम त्यांनी मोडला होता. अर्थात त्या वेळी बोस्टनचा मार्ग आजच्याहून आखूड, साडेचोवीस मैलांच्या आसपास होता, हे लक्षात ठेवायला हवे.

१९१२ साली त्यांची निवड स्टॉकहोमच्या ऑलिंपिकसाठी झाली. शर्यतीच्या दिवशी भयंकर ऊन होते. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा तरुण धावपटू वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. डिमार बारावे आले. संघाच्या शिक्षकांची एकसाची शिस्त त्यांना मानवली नाही. आपले शरीर आपण ओळखतो, दुसऱ्याच्या शिट्टीवर ते धावत नाही, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी जन्मभर सोडले नाही.

आता वाचकहो, कुणालाही वाटेल की तेवीस-चोवीस वर्षांचा, विक्रम करणारा हा धावपटू येथून विजयामागून विजय मिळवत गेला असेल. तसे झाले नाही. पुढची काही वर्षे ते मॅरेथॉनपासून जवळजवळ दूरच राहिले. डॉक्टरांनी घातलेली भीती मनात होती. धार्मिक वृत्तीच्या या माणसाला असेही वाटत होते की, स्वतःच्या नावलौकिकासाठी धावत सुटणे हा एक प्रकारचा स्वार्थच आहे. शिवाय अर्धे राहिलेले शिक्षण खुणावत होते. नोकरी सांभाळून त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या वर्गांत नाव घातले आणि १९१५ साली तिथली पदवी मिळवली. पुढे बोस्टन विद्यापीठाची पदव्युत्तर पदवीही घेतली. रविवारी ते चर्चमध्ये मुलांना शिकवत, बालवीरांचे पथक चालवत. १९१७ साली पुन्हा एकदा बोस्टनला धावले आणि तिसरे आले. मग महायुद्ध आले आणि सैन्यात जावे लागले.

या मधल्या वर्षांविषयी वाचताना मी सर्वांत जास्त अडखळले. माणसाचे पाय सर्वांत वेगवान असण्याची हीच वर्षे. ती अशी गेली याची हळहळ कुणालाही वाटेल. पण पुन्हा पुन्हा विचार केल्यावर मला वाटू लागले की, ती वर्षे गेली असे म्हणणेच चूक आहे. त्या वर्षांत डिमार शिकले, घर चालवले, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला इतरांना फुरसत होत नाही तो प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला : मी का धावतो? पुढे ते जे धावले ते या प्रश्नाचे उत्तर मिळालेल्या माणसासारखे धावले.

१९२२ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, डिमार बोस्टनच्या रस्त्यावर परत उभे राहिले. पहिल्या विजयाला अकरा वर्षे लोटली होती. लोक त्यांना विसरले होते. त्या दिवशी त्यांनी २ तास १८ मिनिटे १० सेकंदांचा नवा विक्रम केला. १९२३ साली ते पुन्हा जिंकले. १९२४ साली शर्यतीचा मार्ग वाढवून पूर्ण मॅरेथॉनच्या जवळपास, सव्वीस मैलांच्या वर नेण्यात आला आणि हॉपकिंटन हे गाव आरंभाचे ठिकाण झाले. तिथेही तेच पहिले. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये फिनलंडचा स्टेनरूस आणि इटलीचा बेर्टिनी यांच्यामागोमाग तिसरे येऊन त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या वेळी ते छत्तीस वर्षांचे होते. लोक कौतुकाने त्यांच्या आडनावाशी मॅरेथॉन हा शब्द जोडून त्यांना ‘डिमॅरेथॉन’ म्हणू लागले.

१९२७, १९२८ आणि १९३० साली ते पुन्हा विजयी झाले. सातव्या विजयाच्या वेळी त्यांचे वय एकेचाळीस वर्षे दहा महिने होते. बोस्टन जिंकणारा इतक्या वयाचा पुरुष त्यांच्या आधी झाला नाही आणि नंतरही झालेला नाही. पहिला विजय आणि सातवा विजय यांमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर आहे.

आणि हे सर्व कशासाठी? बोस्टनच्या विजेत्याला मिळे एक पर्णमुकुट आणि पदक किंवा चषक. रोख बक्षीस या शर्यतीत प्रथम देण्यात आले ते १९८६ साली, डिमार यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी. खेळावर पैसे घेतले की खेळाडू ‘व्यावसायिक’ ठरे आणि त्याला हौशी सामन्यांची दारे बंद होत. जिम थॉर्प या अमेरिकी आदिवासी खेळाडूने स्टॉकहोमला जिंकलेली दोन सुवर्णपदके, त्याने पूर्वी बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले होते एवढ्या कारणावरून, १९१३ साली काढून घेण्यात आली होती. नियम इतका कडक होता. डिमार शर्यतीच्या आदल्या रात्री पुष्कळदा छापखान्यातली पाळी करून येत. शर्यत संपली, पर्णमुकुट डोक्यावर चढला, की दुसऱ्या दिवशी किंवा त्याच रात्री पुन्हा कामावर. सकाळच्या वृत्तपत्रात ज्याच्या विजयाची बातमी आहे तोच माणूस वृत्तपत्राच्या कचेरीत मुद्रिते तपासत बसलेला, असे हे दृश्य होते.

या ‘हौशी’ शब्दाचा इतिहासही मोठा बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मैदानी खेळांच्या संस्था निघाल्या तेव्हा १८६० च्या दशकातील एका प्रमुख संस्थेने हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यात कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळले होते. अंगमेहनतीवर पोट भरणारा माणूस हा सभ्य गृहस्थांबरोबर धावण्यास पात्र नाही, असा तो नियम. १८८० साली स्थापन झालेल्या नव्या संस्थेने तो मागे टाकला. म्हणजे हौस हा मुळात उमरावांचा मक्ता होता आणि मजुराला तिथे दारातच अडवलेले होते. पुढे दार उघडले, पण वेळ, आराम, सकस अन्न, मालिश करणारा नोकर यांतले काही मजुराच्या वाट्याला आले नाही. अशा खेळात एक छापखान्याचा कामगार वीस वर्षे अग्रभागी राहिला. डिमार यांच्या सात पर्णमुकुटांपेक्षाही मला ही गोष्ट मोठी वाटते.

डिमार हे साधुपुरुष होते असे मात्र कुणी समजू नये. स्वभावाने ते एककल्ली, मितभाषी आणि काहीसे तिरसट होते. शर्यतीत प्रेक्षक अंगचटीला आले, कुणी मोटार अगदी जवळून नेली किंवा धावता धावता सही मागितली तर त्यांचा राग अनावर होई, प्रसंगी हातही उगारला जाई. गोड बोलून लोकप्रिय होण्याची कला त्यांना साधली नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी लग्न केले. १९२९ च्या सुमारास न्यू हॅम्पशायर राज्यातील कीन या गावी शिक्षकांना तयार करणाऱ्या महाविद्यालयात त्यांना छपाई शिकवण्याचे काम मिळाले. सातव्या विजयाच्या वेळी ते तिथेच होते. १९३७ साली त्यांचे ‘मॅरेथॉन’ नावाचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९११ साली ज्या डॉक्टरांनी त्यांना धावण्याची बंदी केली होती ते पुढे स्वतःच हृदयविकाराने गेले. तेव्हा त्यांनी त्या दिवशी चुकून आपलेच ठोके ऐकले असावेत, अशा आशयाची मिस्कील टिप्पणी करणारा विनोदही या अबोल माणसापाशी होता.

जिंकणे संपले तरी धावणे संपले नाही. पन्नाशी आली, साठी आली. एके काळी ज्यांना आपण मैलभर मागे टाकत होतो त्यांची मुले आता आपल्याला मागे टाकून जात आहेत, हे पाहत ते दर एप्रिलमध्ये हॉपकिंटनला उभे राहत. १९५४ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते बोस्टनची मॅरेथॉन शेवटची धावले. त्यानंतरही कर्करोगाने शरीर पोखरलेले असताना ते लहान अंतराच्या शर्यतीत उतरत होते. ११ जून १९५८ रोजी, सत्तरी पूर्ण करून चार दिवस झाले असताना, मॅसॅच्युसेट्समधील रीडिंग या गावी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शरीराने मृत्यूनंतरही एक काम केले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाची बारकाईने पाहणी करण्यात आली आणि १९६१ साली तिचा वृत्तांत अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक होते डॉ. पॉल डडली व्हाइट, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उपचार करणारे विख्यात हृदयरोगतज्ज्ञ. ज्या हृदयाला १९११ साली दुबळे म्हटले गेले, त्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या सर्वसाधारण माणसापेक्षा दुपटी-तिपटीने रुंद आढळल्या. फार धावल्याने हृदय झिजते असे मानण्याचा तो काळ होता. जवळजवळ अर्धशतक धावलेल्या या मुद्रकाचे हृदय त्या समजुतीविरुद्ध पुराव्यासारखे पुढे ठेवले गेले. एका माणसावरून सर्वांचा नियम ठरत नाही हे खरेच, पण धावणे आणि हृदय यांविषयी पुढे जो विचार झाला त्यात या पाहणीचा उल्लेख वारंवार येत राहिला.

आता थोडे आपल्याकडे वळते. पहाटे आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर कुणी पळताना दिसले की लोक एकच प्रश्न विचारतात : कोणत्या भरतीची तयारी चालली आहे? पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते. त्यासाठी माझ्या कितीतरी मैत्रिणी अंधारात उठून पळतात. त्यांच्या पळण्यामागे घराची गरज आहे आणि त्या गरजेला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. डिमार स्वतः आईसाठी विद्यापीठ सोडून आले होते. पण भरती झाली किंवा हुकली, की आठशे मीटरबरोबर धावणेही संपते, याचे मला वाईट वाटते. मी कोणत्याही भरतीसाठी धावत नाही. आंतरमहाविद्यालयीन क्रॉस-कंट्रीत माझा क्रमांक अजून पहिल्या दहांत आलेला नाही. मग कशाला पळतेस, असे घरी विचारतात तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसते. आईचा रोख माझ्या लक्षात येतो. तेवढ्या वेळात शिकवणी घेतली तर महिन्याला चार पैसे येतील, असे तिला वाटते, आणि तिच्या ताठ झालेल्या बोटांकडे पाहिले की तिचे म्हणणे खोडून काढावेसे वाटत नाही.

शिकवणी मी या वर्षीपासून घेते आहे. पाच मुले येतात. त्यांच्या घरांपर्यंतचे अंतर मी बसने जात नाही, धावत जाते आणि धावत परत येते. ही युक्ती कुणाची हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आई आता त्यावर काही बोलत नाही.

एक गोष्ट मात्र डिमार यांच्या चरित्रात मला टोचत राहिली आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बोस्टनच्या शर्यतीच्या मध्यावर वेल्स्ली नावाचे मुलींचे महाविद्यालय लागते. तिथल्या विद्यार्थिनी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून धावपटूंना प्रोत्साहन देतात, ही फार जुनी परंपरा. डिमार यांच्या संपूर्ण हयातीत त्या मुलींचे काम कडेला उभे राहण्याचेच होते. स्त्रीच्या शरीराला मॅरेथॉन झेपणार नाही, असे तज्ज्ञांचे मत होते. जसे १९११ साली डिमार यांच्या हृदयाविषयी तज्ज्ञांचे मत होते तसेच. १९६६ साली रॉबर्टा गिब ही तरुणी आरंभरेषेजवळच्या झुडपांत लपून राहिली आणि घोळक्यात मिसळून पूर्ण अंतर धावली. १९६७ साली कॅथरिन स्विट्झर आद्याक्षरे लावून नोंदलेल्या नावाने धावली. तेव्हा एका पदाधिकाऱ्याने तिला वाटेतच ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. तरीही तिने शर्यत पुरी केली. १९७२ साली स्त्रियांना बोस्टनमध्ये रीतसर प्रवेश मिळाला आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ साली सुरू झाली. मजुराला जी हौस मिळायला १८८० उजाडावे लागले, ती स्त्रीला मिळायला आणखी शतक जावे लागले.

म्हणून मला वाटते, हौस ही हलकी गोष्ट नाही. काम, शिक्षण, घर यांच्या फटीतून जो वेळ मुद्दाम ओढून काढावा लागतो आणि ज्याचा मोबदला कुणीही देणार नसतो, त्या वेळात माणूस काय करतो यावरून तो कोण आहे हे कळते. उरलेला सगळा वेळ गरजेने ठरवलेला असतो. डिमार यांनी छापखान्यात जुळवलेल्या मजकुराचे कागद केव्हाच रद्दीत गेले. त्या कामाने त्यांचे घर चालले आणि ते काम त्यांनी कधी कमी लेखले नाही. पण कीन गावी आज दरवर्षी त्यांच्या नावाने मॅरेथॉन भरते ती त्यांच्या बिनपगारी कामासाठी.

आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी माझ्यासारखेच घरातले पहिले आहेत. आपण शिकतो ते नोकरीसाठी, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. मात्र कुणी बासरी वाजवत असेल, कुणी कविता लिहीत असेल, कुणी पहाटे पळत असेल, तर परिस्थिती सुधारल्यावर पुढे कधीतरी करू म्हणून त्याने ते बाजूला ठेवू नये. डिमार यांची परिस्थिती फारशी कधी सुधारली नाही. ते कामावर जाता-येता धावले.

द्वितीय वर्ष कला